आधी खांब, मग तार

“केबल लावून टाका. डोळ्यांपुढे काही येत नाही, गंजत नाही, नंतर बघावं लागत नाही आणि दोन विकेंडांत आपलं आपण होतं.” न्यू जर्सीपासून सिॲटलपर्यंत, डेकचा कुजलेला लाकडी कठडा बदलायला निघालेल्या मराठी माणसाला हा उपदेश कुठून ना कुठून मिळतोच. शोरूमवाला देतो, शेजारी देतो, आणि नुकतंच स्वतःचं रेलिंग बदलून बसलेला मित्र तर गणपतीच्या जेवणाची पंगत उठेपर्यंत तेच ऐकवतो. त्याच पंगतीत दुसरा पक्षही असतो आणि तोही तेवढाच ठाम असतो: “आडव्या तारा म्हणजे मुलांना आयती शिडी. ॲल्युमिनियमचे उभे गज लावा. लावा आणि विसरून जा.”

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. दोघंही कठड्याच्या पोटात काय भरायचं यावर तावातावाने बोलतात. कठडा उभा कशाच्या जोरावर राहतो, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. शिवाय ‘केबल की ॲल्युमिनियम’ हे द्वंद्वच खोटं आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक केबल रेलिंगचे खांब आणि वरची पट्टी ॲल्युमिनियमचीच असते. त्यात फक्त आडव्या तारा स्टेनलेस स्टीलच्या असतात. म्हणजे भांडण चाललं आहे ते भरावाचं. कठडा कोसळतो तेव्हा तो भरावामुळे क्वचितच कोसळतो. खांब जिथे डेकच्या सांगाड्याला धरलेला असतो तिथे तो उखडतो.

अमेरिकेत एक-दोन कुटुंबांच्या घरांना बहुतेक ठिकाणी आयआरसी ही बांधकाम संहिता लागू असते. डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा हवा, तो किमान ३६ इंच उंच हवा (कॅलिफोर्नियात ४२), त्याच्या फटीतून ४ इंच व्यासाचा गोळा जाता कामा नये. एवढं सगळ्यांना पाठ असतं, कारण ते टेपने मोजता येतं. पण त्याच संहितेत आणखी एक अट आहे आणि ती टेपने मोजता येत नाही: कठड्याच्या माथ्यावर कुठेही २०० पौंडांचा जोर लावला तरी तो टिकला पाहिजे. २०० पौंड म्हणजे काही फार नाही. वॉकआउट बेसमेंटच्या घराला मागच्या बाजूला नऊ-दहा फूट उंचीचा डेक असतो. मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीला त्यावर तीस माणसं असतात, त्यातले चार काका फोटोसाठी एकाच बाजूला टेकतात. २०० पौंड त्या फोटोतच भरतात.

आता हे २०० पौंड खाली पोहोचतात तेव्हा त्यांचं काय होतं ते पाहा. खांब ही तरफ आहे. समजा लाकडी खांब डेकच्या कडेच्या जॉइस्टला, म्हणजे सांगाड्याच्या कडेच्या फळीला, दोन बोल्टांनी जोडला आहे, दोन बोल्टांत ५ इंचांचं अंतर आहे आणि खालचा बोल्ट कठड्याच्या माथ्यापासून ४३ इंच खाली आहे. माथ्यावर बाहेरच्या दिशेने २०० पौंड लागले की वरच्या बोल्टवर साधारण १,७०० पौंडांची ओढ येते. शाळेतल्या तरफेच्या गणितापलीकडे यात काही नाही. बोल्ट ती ओढ सहज सोसतो. सोसत नाही ती कडेची फळी, जिला तो बोल्ट धरून बसला आहे. ही फळी आतल्या जॉइस्टांच्या टोकांवर खिळ्यांनी ठोकलेली असते, आणि लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने ठोकलेला खिळा ओढीपुढे फार कमी टिकतो. म्हणून खांब, बोल्ट आणि फळी असं सगळं बिऱ्हाड एकत्र बाहेर पडतं.

हे कुणाच्या कल्पनेतलं भय नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २००० च्या दशकात अशा जोडांची रीतसर चाचणी झाली. सुरक्षिततेचा अडीचपट गुणक धरून खांबाने ५०० पौंड सोसावेत अशी त्यांची कसोटी होती. घरोघरी दिसणारे साधे जोड, म्हणजे नुसते लॅग स्क्रू किंवा कडेच्या फळीतून आरपार घातलेले दोन बोल्ट, त्या कसोटीला उतरले नाहीत. वरच्या बोल्टला धातूचं होल्ड-डाउन बसवून ती ओढ थेट आतल्या जॉइस्टमध्ये नेली तेव्हा जोड टिकला. अमेरिकन वुड कौन्सिलच्या डीसीए-६ या डेक बांधणीच्या मार्गदर्शिकेत आज होल्ड-डाउन सांगितलेलं आहे ते यासाठीच. खांबाला खाच पाडून तो कडेच्या फळीवर ‘छान बसवायची’ जुनी सुतारी खोडही तिने बंद केली आहे. २०२१ च्या आयआरसीनेही चार-बाय-चारच्या खांबाला जोडाच्या जागी खाच पाडायला मनाई केली. अर्धा खांब कापायचा आणि सगळा भार त्या उरलेल्या अर्ध्यावर टाकायचा, हे दिसायला नीटनेटकं असेल, पण खांब फाटतो तो त्या खाचेच्या कोपऱ्यातूनच.

ॲल्युमिनियमवाल्यांना वाटेल की हे लाकडी खांबांचं दुखणं झालं, आपला यात काय संबंध? उलट संबंध त्यांचाच जास्त. ॲल्युमिनियमचा खांब बहुधा चार स्क्रूंच्या बेस प्लेटवर डेकच्या पृष्ठभागावर उभा राहतो. तिथे तरफेचा हात आणखी वाईट, कारण प्लेटवरच्या स्क्रूंमधलं अंतर जेमतेम तीन-साडेतीन इंचांचं असतं. हे स्क्रू कशात गेले आहेत? कंपोझिटच्या फळीत गेले असतील तर कठडा फळीवर उभा आहे, घरावर नाही. कंपोझिट फळी पायाखाली असायला चांगली, पण खांब धरून ठेवणं हे तिचं काम नव्हे आणि तिचे उत्पादकही तसा दावा करत नाहीत. प्लेटखाली, फळीच्या पोटाशी, दोन जॉइस्टांच्या मध्ये भक्कम लाकडी ब्लॉकिंग पाहिजे आणि स्क्रू फळी पार करून त्या ब्लॉकिंगमध्ये उतरले पाहिजेत. ब्लॉकिंगही नुसतं खिळ्यांनी अडकवलेलं नको, ते दोन्ही जॉइस्टांना पक्कं बांधलेलं हवं. फळ्या एकदा बसल्या की यातलं काहीही वरून दिसत नाही. डेक जमिनीलगत असेल तर खालूनही दिसत नाही. म्हणून नेमकं हेच काम वगळलं जातं.

आता केबलवाल्यांकडे वळतो. त्यांनी या खांबाच्या प्रश्नात स्वतःहून एक भर घातली आहे. उभे गज खांबाला ओढत नाहीत. तार ओढते, आणि रात्रंदिवस ओढते. घरगुती कठड्यात प्रत्येक तारेत साधारण २०० ते ३०० पौंडांचा ताण ठेवावा लागतो. ३६ इंचांच्या कठड्यात अशा अकराएक तारा बसतात. म्हणजे टोकाच्या एकट्या खांबावर २,२०० ते ३,३०० पौंडांची आडवी ओढ, डेकवर चिटपाखरू नसतानासुद्धा. गावाकडच्या अंगणात दोन बांबूंना बांधलेली वाळवणाची दोरी ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. दोरी आवळावी तितके बांबू एकमेकांकडे झुकतात, आणि ते झुकले की दोरीला पुन्हा झोळ येतो.

पोलादी तारेच्या बाबतीत हा झोळ किती पटकन येतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दहा फूट लांबीची, पाच-बत्तीसांश इंच जाडीची तार दोनशे-सव्वादोनशे पौंडांनी ताणली तर ती सगळी मिळून इंचाच्या आठव्या भागाएवढी लांबते. बस, एवढंच. तेव्हा दोन टोकांचे खांब मिळून इंचाचा आठवा भाग आत वाकले की तुम्ही टर्नबकल पिळून पिळून आणलेला ताण संपला. चार-बाय-चारचा म्हणून विकत घेतलेला लाकडी खांब प्रत्यक्षात साडेतीन इंचांचाच असतो, तो ओला येतो, वाळताना आकसतो, पिळवटतो. अकरा तारांच्या ओढीखाली तो इंचाचा आठवा भाग वाकला तर नवल नाही. न वाकला तरच नवल. म्हणून टोकाला सहा-बाय-सहाचा लाकडी खांब घ्या, किंवा टोकासाठी मुद्दाम जाड भिंतीचा बनवलेला ॲल्युमिनियमचा खांब घ्या. वरची पट्टीसुद्धा इथे शोभेची नसते. दोन खांबांच्या मध्ये ती दाब सोसत उभी असते, तिच्यामुळेच खांबांचे माथे आत येत नाहीत. तिला मध्येच सांधा दिला आणि तो सैल राहिला तर सगळा हिशोब पुन्हा खांबाच्या बुडाशी जातो.

कोपऱ्याबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे हौशी लोक हटकून फसतात. कोपऱ्यातल्या एकाच खांबात दोन दिशांनी येणाऱ्या तारांची टोकं आतल्या आत एकमेकांना भिडतात. एक तर दोन बाजूंची भोकं वर-खाली करावी लागतात, नाही तर कोपऱ्यात दोन खांब घ्यावे लागतात. दोन खांब घ्या. थोडं कमी देखणं दिसेल, पण प्रत्येक खांबाला एकाच दिशेची ओढ राहील.

‘डोळ्यांपुढे काही येत नाही’ या दाव्याचं काय? तारा बारीक असतात हे खरं. पण तारेला दर तीन-चार फुटांवर आधार लागतो, कारण ४ इंचांच्या गोळ्याची अट तारेच्या दोन टोकांपेक्षा तिच्या मध्यावर जास्त कसोटी पाहते. तारा एकमेकींपासून ३ इंचांच्या आसपास बसवतात; त्यामुळे प्रत्येकी अर्धा इंच सरकली की ४ इंचांची वाट मोकळी. ४ फुटांच्या गाळ्यात २०० पौंडांनी ताणलेल्या तारेचा मध्य अर्धा इंच हलवायला साधारण आठ पौंडांचा जोर लागतो. ताण निम्म्यावर आला की चार पौंड पुरतात, आणि चार पौंड ढकलायला दोन वर्षांचं पोर पुरतं. तेव्हा ‘कमी खांब, मोकळं दृश्य’ म्हणून गाळा सहा फुटांचा करायचा विचार सोडून द्या. उलट उभ्या गजांचे तयार ॲल्युमिनियम पॅनेल सहा किंवा आठ फुटांचे मिळतात, म्हणजे खांब तिथेच कमी लागतात. केबलमध्ये मधल्या आधाराला जाड खांबाऐवजी भोकं पाडलेली पातळ पट्टी चालते, हे मान्य. मागे सरोवर असेल, डोंगर असेल, तर केबलला पैसे मोजावेत; मी नाही म्हणणार नाही. पण मागे शेजाऱ्याचं कुंपण आणि त्याचा ग्रिल असेल तर कोणतं दृश्य मोकळं करायचं आहे? झाडांच्या पार्श्वभूमीवर काळे उभे गजही दोन दिवसांत दिसेनासे होतात.

‘गंजत नाही, बघावं लागत नाही’ हा दावा मला सगळ्यांत जास्त खटकतो. तो सोयीने खोटा आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं नाही. ते उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेने गंजतं. त्याच्या पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा क्लोराइडमुळे जागोजागी फुटतो आणि तिथे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. त्याला चहाचे डाग म्हणतात आणि ते तसेच दिसतात. ३०४ प्रतीच्या पोलादापेक्षा ३१६ प्रत बरीच चांगली टिकते, कारण तिच्यात दोन-तीन टक्के मोलिब्डेनम असतं. पण क्लोराइड फक्त समुद्राच्या हवेतून येतं असं नाही. मिनेसोटात हिवाळ्यात पायऱ्यांवर टाकलेलं मीठ, मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी, दोन्ही तेच काम करतात. बारीक तारेत आणखी एक अडचण: कठड्याची तार बहुधा एकोणीस बारीक तारांना पीळ देऊन बनवलेली असते, आणि त्या पिळाच्या फटींत मीठ बसलं की नुसत्या पावसाने ते निघत नाही. गोड्या पाण्याने, मऊ फडक्याने धुवावं लागतं, आणि समुद्राजवळ वर्षातून अनेकदा. वॉरंटीची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेक ठिकाणी धुण्याची अट सापडेल. तार ग्राइंडरने कापताना त्याच चकतीने आधी साधं लोखंड कापलं असेल तर त्याची धूळ तारेवर बसते आणि पहिल्याच पावसात ठिपके उठतात. मग दोष तारेला.

इथे एका लाडक्या घरगुती चाचणीचाही निकाल लावून टाकतो. ‘चुंबक लावा, चिकटलं नाही तर माल चांगला.’ हे चूक आहे, आणि दोन्ही बाजूंनी चूक आहे. ३०४ आणि ३१६ मुळात चुंबकाला ओढले जात नाहीत, पण थंड ओढून तार केली की त्यांच्यात, विशेषतः ३०४ मध्ये, थोडं चुंबकत्व येतं. म्हणजे चिकटलेली तार वाईटच असेल असं नाही. उलट भारतात रेलिंगसाठी सर्रास विकलं जाणारं २०२ प्रतीचं स्टील, ज्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, तेही चुंबकाला दाद देत नाही. अमेरिकेतून गुहागरला किंवा अलिबागला निवृत्तीचं घर बांधणारे अनेक जण तिथल्या गॅलरीला ‘एसएस’चं रेलिंग लावतात आणि चुंबकाने समाधान करून घेतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गॅलरीचं रेलिंग तपकिरी ठिपक्यांनी भरलं की कोकणच्या हवेला शिव्या. हवा तीच होती. प्रत विचारली नव्हती. बिलावर ‘३१६’ लिहून मागा, आणि मोलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंबांची चाचणी मिळाली तर तुकड्यावर करून बघा.

गंजाचं सोडा, ताणाकडे बघा. दहा फूट तार थंडी-उन्हाच्या ५० अंश सेल्सियस फरकात इंचाच्या दहाव्या भागाएवढी लांबते-आखडते. वर सांगितलं तसं तिचा सगळा ताणच मुळी इंचाच्या आठव्या भागात मावतो. लाकडी चौकट तापमानाने लांबीत फारशी बदलत नाही, त्यामुळे तिथे जुलैत तारा सैल पडतात. ॲल्युमिनियमची चौकट तारेपेक्षाही जास्त प्रसरण पावते, त्यामुळे तिथे उलट: उन्हाळ्यात तारा आवळतात आणि जानेवारीत ढिल्या होतात. दोन्हीकडे वर्षातून एकदा तरी पाना घेऊन फिरावं लागतं. पहिल्या वर्षी तर नक्कीच, कारण नवं लाकूड वाळत असतं आणि तार पकडणारे टोकांचे जबडे तारेवर बसत असतात. हे काम अवघड नाही. पण ‘बघावं लागत नाही’ म्हणून विकलेल्या वस्तूला पाना लागतो, एवढं तरी विकणाऱ्याने सांगावं.

ॲल्युमिनियमवाल्यांनी इथे हसू नये. त्यांचं ‘लावा आणि विसरा’ सत्याच्या जरा जवळ आहे, एवढंच. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, पण दुसऱ्या धातूच्या आणि पाण्याच्या संगतीत ते झिजतं. अमेरिकेत घरगुती वापराचं आर्सेनिकयुक्त सीसीए लाकूड २००३ च्या अखेरीस बाजारातून काढून घेतलं गेलं आणि त्याच्या जागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली एसीक्यू, कॉपर अझोल अशी रसायनं आली. डेकचा सांगाडा आज बहुधा अशाच लाकडाचा असतो. त्या ओल्या लाकडावर ॲल्युमिनियमची बेस प्लेट थेट बसवली की तांबं ॲल्युमिनियम खायला लागतं, आणि ते प्लेटच्या खालच्या बाजूने, जिथे तुम्ही कधी बघणार नाही. मध्ये प्लास्टिकचा किंवा रबराचा थर हवा. केबलच्या रेलिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या खांबाच्या भोकात घालायची काळी प्लास्टिकची बुचं असतात तीही याच कामाची: पोलादी तार ॲल्युमिनियमला टेकू नये म्हणून. काहींना ती दिसायला आवडत नाहीत म्हणून काढून टाकली जातात. मग दोन-तीन वर्षांत भोकाभोवतीचा रंग फुगतो.

रंगाबद्दल एकच विचारा: पावडर कोटिंग आमा (AAMA) या अमेरिकन मानकाच्या कोणत्या प्रतीचं आहे, २६०३, २६०४ की २६०५? या प्रती फ्लोरिडाच्या उन्हात अनुक्रमे एक, पाच आणि दहा वर्षं रंग ठेवून पारखल्या जातात. विक्रेत्याला हे आकडे माहीत नसतील तर त्याने दाखवलेला रंग किती दिवस टिकेल हेही त्याला माहीत नाही.

आता मुलांच्या शिडीचा मुद्दा. हा मुद्दा मी थट्टेवारी नेणार नाही, पण तो जसा मांडला जातो तसा मान्यही नाही. आडवे गज असलेल्या कठड्यावर बंदी घालणारं कलम २००० च्या आयआरसीत होतं. २००३ च्या आवृत्तीत ते राहिलं नाही. केबलवाले हे सांगून टाळी घेतात. पण संहिता ज्याला मनाई करत नाही ते सुरक्षित, असा अर्थ त्यातून निघत नाही. संहिता किमान मर्यादा आखते. तुमच्या घरात तीन वर्षांचं माकड आहे की नाही, हे तिला माहीत नसतं. काही गावांनी ती बंदी आपापल्या नियमांत ठेवली आहे, तेव्हा परमिटच्या खिडकीवर आधी विचारा. कॅनडात तर राष्ट्रीय संहितेनेच रेघ ओढली आहे: ४.२ मीटरपेक्षा उंच जागेच्या कठड्यावर १४० ते ९०० मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यात पाय ठेवायला जागा देणारं काही नको. टोरांटोतल्या मराठी मंडळींनी न्यू जर्सीतल्या चुलत भावाचं रेलिंग बघून ऑर्डर देऊ नये.

पण ‘उभे गज लावले, मूल सुरक्षित झालं’ हेही खोटं. डेकवर कठड्याला लागून कूलर असतो, कुंड्यांची रांग असते, बसायचा बाक कठड्याला पाठ लावून असतो. तीन वर्षांच्या पोराला बाकावर चढून कठड्यावर लोंबायला तारेची गरज नसते. नातवंडं असलेल्या, सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा भारतातून येऊन राहणाऱ्या घरांत मी उभ्या गजांच्या बाजूने आहे. तेवढ्यावर थांबू नका. बाक आणि कुंड्या कठड्यापासून दूर सरकवा.

‘आपलं आपण होतं’ याबद्दल: समतल भागातलं बरंचसं खरोखरच होतं. भोकं सरळ पाडायला साचा वापरा, तारा मधल्या तारेपासून सुरू करून वर-खाली आळीपाळीने आवळत जा, मग पुन्हा एक फेरी करा, कारण नंतरची तार आवळली की आधीची ढिली होते. जिन्यावर मात्र हौस थांबवा. तिथे भोकं तिरकी पाडावी लागतात, खांबातून तार तिरपी जाते म्हणून वेगळी टोकं लागतात. फटीचा गोळा ४ पूर्णांक तीन-अष्टमांश इंचांचा होतो, पायरी आणि खालच्या पट्टीमधल्या त्रिकोणाला ६ इंचांची वेगळी अट आहे. चार किंवा अधिक चढ असलेल्या जिन्याला मुठीत धरता येईल असा हँडरेल ३४ ते ३८ इंचांवर वेगळा लागतो. कठड्याच्या वरची रुंद सपाट पट्टी म्हणजे हँडरेल नव्हे. घसरणारा हात तिला धरू शकत नाही.

“हे सगळं करायचं तर खर्च वाढेल.” वाढेल. मग तारेत कपात करा, खांबात नको. त्याच पैशांत साधे ॲल्युमिनियमचे गज आणि भक्कम जोड बसत असतील तर तेच घ्या. उरलेला, आणि सगळ्यांत हट्टी आक्षेप असा: “आमचा डेक पंधरा वर्षं उभा आहे, काही झालेलं नाही.” कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १६ जून २०१५ रोजी एका इमारतीची गॅलरी कोसळली आणि सहा तरुण माणसं मेली, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिथेही काही झालेलं नव्हतं. तिथे कठडा मोडला नाही. गॅलरीला धरून ठेवणारे जॉइस्ट पाणी मुरून आतून कुजले होते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१८ आणि २०१९ मध्ये कायदे करून गॅलऱ्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली, पण ती तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींना आणि काँडोमिनियमना. एकट्या घराच्या मागच्या डेकखाली पाहायला सरकारचा कुणी येत नाही. जुना कठडा काढाल तेव्हा कडेच्या फळीत पेचकस टोचून पाहा. तो मऊ लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर आधी ती फळी बदला, कारण कुजक्या लाकडात ३१६ प्रतीचा स्क्रूही धरत नाही.

आणि कंत्राटदार आला की त्याला आधी डेकच्या खाली न्या, वर नंतर. खांब कुठे येणार, ब्लॉकिंग कुठे बसणार, होल्ड-डाउन कोणत्या जॉइस्टला जाणार, टोकाचा खांब किती जाड, बेस प्लेटखाली कोणता थर, हे त्याने तिथे उभं राहून बोट ठेवून दाखवू दे. फळ्या बसण्याआधी या जोडांचे फोटो मिळतील, हे अंदाजपत्रकातच लिहून घ्या. मध्येच त्याने रंगांचा कॅटलॉग बाहेर काढला तर तो परत बॅगेत ठेवायला सांगा. काळा की ब्राँझ, हे ते फोटो पाहून झाल्यावरही ठरवता येतं.